रपट्यावरचं हवामान खातं

काल कटिंगला बसलो होतो. अर्धी झाली असेल, तेवढ्यात भाऊनं कात्री थांबवली आणि आरशातून माझ्याकडं बघत एकदम गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "भेले म्हणे जी तुमी?" मागं बाकावर बसलेली पोरं खदखदली. अर्ध्या कटिंगमधून माणूस उठून जाऊ शकत नाही, नाहीतर गेलो असतो.

तर मी भ्यालो नव्हतो. हे एकदा कुठंतरी नीट लिहून ठेवावं म्हणून हा सगळा खटाटोप.

माझं गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगावला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. गाव तिथून आत, नवेगावबांधच्या बाजूला, आणि मधे एक नाला. नाल्यावर पूल नाही, रपटा आहे, म्हणजे सिमेंटचे पाइप टाकून वरून काँक्रीट ओतलंय, कठडे नाहीत, आणि जरा जास्त पाऊस झाला की पाणी पाइपातून जायचं सोडून रस्त्यावरून जातं. त्या दिवशी जुलैची ३० तारीख होती. खरिपाच्या पीक विम्याची मुदत साधारण ३१ जुलैला संपते आणि आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्याला विम्याची आठवण ३० तारखेला सकाळी येते. रात्रभर पाऊस. सकाळी लॅपटॉप पन्नीत गुंडाळून, पन्नी पिशवीत, पिशवी रेनकोटच्या आत पोटाशी, वरून छत्री, असा मी गाडी ढकलत रपट्याशी पोचलो तर नाला भरून चाललेला.

आणि आबाजी तिथं बसलेले. ते तिथं असतातच. पळसाखाली एक सपाट दगड आहे, त्यावर युरियाच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन बसतात, बाजूला त्यांची एक म्हैस, हातात खऱ्र्याची पन्नी. खर्रा घोटायची त्यांची एक पद्धत आहे. पन्नी मांडीवर ठेवायची, तळव्यानं घासायची, मधेच उचलून उजेडात धरून आतली सुपारी बघायची, नाराज व्हायचं, परत घासायची. हे चालू असताना ते कोणाशीही बोलत नाहीत. तुम्ही भिजत असलात तरी नाही. शेवटी चिमूट गालात गेली की मग आवाज फुटतो, आणि आवाज साधा नाही. तरुणपणी ते मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, दंडार नावाच्या लोकनाट्यात बाईचं काम करायचे, त्यामुळं "थांबा" हे सुद्धा ते शेवटच्या रांगेतल्या माणसाला ऐकू जाईल असं म्हणतात.

"थांबाऽऽ जी मास्तर."

"आबाजी, मी मास्तर नाही. माझं झेरॉक्सचं दुकान आहे."

"तेच ते. कागदच हाय ना शेवटी."

गंमत म्हणजे शाळेचे खरे गुरुजी त्याच वेळी पलीकडच्या काठावर मोटारसायकल लावून उभे होते, त्यांना गावात यायचं होतं, आणि शाळेची निम्मी पोरं अलीकडच्या काठावर ते येऊ नयेत म्हणून देवाला हात जोडून उभी होती. गुरुजींना आबाजी "साहेब" म्हणतात. मला चष्मा आहे एवढाच माझा गुन्हा.

"कधी उतरेल पाणी?" मी विचारलं. हा प्रश्न विचारायला नको होता वगैरे मी म्हणणार नाही, तिथं उभं राहून दुसरं काय विचारणार.

आबाजींनी नाल्यात बोट दाखवलं. रपट्याच्या जरा वरच्या अंगाला एक काळा दगड आहे, त्याला म्हशागोटा म्हणतात. "पाठ दिसली का मानूस जाते. शिंगं दिसले का फटफटी जाते. पाय दिसले का एस्टी जाते."

"आता काय दिसतंय?"

"आता गोटाच नाई दिसत."

मग मी मोबाइल काढला. हे बघा आबाजी, म्हटलं, यात दाखवतंय की आता अकरा वाजेपर्यंत पावसाची शक्यता ४० टक्के आहे, म्हणजे उघडेल.

"चाळीस?" आबाजी उठून बसले. "अन् पास कितीले होते?"

"पास म्हणजे?"

"पोरगं पास कितीले होते, मास्तर?"

"पस्तीसला."

"मंग चाळीस म्हंजे पास झाला ना पानी! पडनार ना तो!" आणि शाळेच्या पोरांकडं वळून, "ह्येंचं गनित पाहा बाप्पा."

पोरं हसली. पाणी पडला. मी काय उत्तर देणार होतो, त्या क्षणी तर एवढा जोरात आला की मोबाइल शर्टात टाकून मला त्याच पळसाखाली, त्याच दगडावर, आबाजींनी सरकून दिलेल्या जागेत बसावं लागलं. ओल्या म्हशीच्या शेजारी.

पुढं आबाजींनी काढलं पुष्य नक्षत्राचं वाहन. यंदा बेडूक, म्हणे. माझ्या म्हणण्याप्रमाणं हे पंचांगवाल्यांचं एक गणित आहे, सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं आणि नऊनं भागायचं, बाकी जी उरेल तिचं जनावर ठरलेलं. बेडूक, म्हैस, हत्ती आले की पाऊस भरपूर, कोल्हा नि मेंढा आले की बोंबला. ढगाला यातलं काही कळवलेलं नसतं. हे मी त्यांना शांतपणे समजावून सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं, मान हलवली, आणि समोर धो धो कोसळणाऱ्या पावसाकडं हात करून एवढंच म्हणाले, "मंग हा कोनाच्या सांगन्यावरून पडून राह्यला?"

अशा माणसाशी वाद घालता येत नाही कारण ऋतू त्याच्या बाजूनं असतो.

आता बाहेरच्या माणसाला वाटेल की एका नाल्याला एवढं पाणी येतं कुठून. तर वर तलाव आहे. आमच्याकडं प्रत्येक गावाच्या वर तलावच असतो, आणि तलावाच्या वर जंगल, हे असंच बांधलेलं आहे. गोंड राजांनी सांगितलं की जो जंगलात तलाव बांधील त्याला त्या तलावाखालची जमीन, आणि कोहळी समाजाच्या लोकांनी बांधले, शेकड्यानं बांधले, नवेगावचा बांध त्यातलाच, कोलू पाटील कोहळीचा. पूर्व विदर्भात असे साडेसहा हजारांच्या वर तलाव आहेत. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारचे झाले, आणि नाव पडलं माजी मालगुजारी तलाव, त्याचं कागदोपत्री झालं मामा तलाव. सगळ्यांचा मामा, म्हणून गाळ काढायला कोणीच भाचा पुढं येत नाही. पूर्वी उन्हाळ्यात गाव मिळून गाळ काढायचं, पाळ दुरुस्त करायचं, आता तलाव कोणाच्या ताब्यात हेच विचारत फिरावं लागतं. कडेनं बेशरमीची झुडपं माजलीत. गाळानं तलावाचं पोट लहान झालंय, म्हणून तो लवकर भरतो, लवकर भरतो म्हणून सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, पाणी लवकर पडतं, आणि ते पाणी सरळ आमच्या रपट्यावर. पाइपात बेशरमीच्या काड्या नि वाहून आलेली लाकडं अडकलेली. म्हणजे माझं दुकान उघडत नाही याचं कारण शोधत गेलं तर थेट मालगुजारी बुडाली तिथं जाऊन पोचतं. हे मी गिऱ्हाईकांना फोनवर सांगू शकत नाही. गिऱ्हाईक फोनवर फक्त "भाऊ, दुकान काहून बंद?" विचारतं आणि मग "आमी तं आलो ना" असं सुनावतं.

फोन तोवर वाजायला लागलेच होते. रेंज रपट्याजवळच येते, ही अजून एक गंमत, गावात असतो तर निदान ऐकू आलं नसतं.

सलंगाखाली दोन पोरं मच्छरदाणी धरून उभी होती. ही मच्छरदाणी डासांसाठी मिळालेली, औषध लावलेली, मलेरियावरचा उपाय म्हणून. तिच्यात मागूर, शिंगूर, एखादी मरळ. डास घरी मोकळे आणि मासे बंदोबस्तात. आबाजी तिथूनच ओरडून कोणता मासा ठेवायचा, कोणता सोडायचा हे सांगत होते, पोरं ऐकत नव्हती, मला जरा बरं वाटलं.

मधे पाऊस थांबला. आबाजी उठले, काठापर्यंत गेले, गुडघ्यावर हात ठेवून वाकून पाण्याकडं बराच वेळ बघितलं. सगळे गप्प. पोरं गप्प, मी गप्प, पलीकडं गुरुजी हेल्मेट काढून उभे. मग आबाजी वळले आणि म्हणाले, "कान दिसला."

"कोणाचा?"

"गोट्याचा."

मला नुसता फेस दिसत होता.

"म्हंजे मानूस जाते का आता?" एका पोरानं विचारलं.

"मानूस पाहून जाते," आबाजी म्हणाले आणि माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं, चष्मा, रेनकोट, पोटाशी फुगलेला लॅपटॉप. "मास्तर लोकायनं थांबावं."

मग "जरा पकडतो जी" म्हणून माझ्या हातातली छत्री घेतली. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, लघवीला जात असेल. त्यांनी छत्री उघडली, डाव्या हातात धरली, उजव्या हातानं म्हशीचं शेपूट पकडलं, "हर्र" केलं आणि म्हैस सरळ पाण्यात. रपटा तिला पाठ असावा. पाणी आबाजींच्या मांडीपर्यंत आलं, खोळ मागं तरंगायला लागली, पण छत्री हललीसुद्धा नाही. पाऊस थांबलेला होता हे मी पुन्हा सांगतो. उघडलेल्या आभाळाखाली माझी छत्री उघडून तो माणूस दंडारीतली राणी निघावी तसा नाला ओलांडून गेला, आणि पलीकडं पोचल्यावर वळून, त्याच शेवटच्या रांगेच्या आवाजात ओरडला,

"तुमी नोका येऊ जी मास्तर! तुमाले लेकरं हायेत!"

तेवढ्यात मागून रोवणीच्या बाया आल्या. दहा-बारा जणी, लुगडी खोचलेली, डोक्यावर डबे, हातात हात धरून साखळी केली नि हसत हसत पार. त्यातली एक जाता जाता मला म्हणाली, "येता का जी भाऊजी, धरतो हात." मी हसून नाही म्हटलं. काय म्हणणार होतो. पोटाशी लॅपटॉप होता, त्यात अर्ध्या तालुक्याचे सातबारे.

पाठ दिसायला अडीच वाजले. शिंगं तर दिसलीच नाहीत, मी गाडी तिथंच पळसाला टेकवून चालत पलीकडं गेलो, कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर अर्जुनी गाठली, तिथं पोचलो तर लाइन गेलेली. रात्री परत येईपर्यंत गावात बातमी पक्की होती. पानठेल्यावर भेला, दूध डेअरीत भेला, माझ्या मुलाला शाळेत पोरांनी विचारलं तुझा बाबा म्हशीलेबी भेते का. बायको काही बोलली नाही, फक्त टॉवेल देताना नको इतक्या प्रेमानं वागली.

टॉवेल ओला होता. पुष्यात आमच्याकडं काही वाळत नाही. घरभर दोऱ्या, दोऱ्यांवर कपडे, खाली पंखा, पंख्याला लाइन नाही. काडेपेटी डब्यात, डबा चुलीजवळ, तरी काडी घासली की गुल उडून जातो. मीठ पाणी सोडतं. झेरॉक्सचे कागद ओल धरून मशीनमधे अडकतात आणि गिऱ्हाईक म्हणतं, मशीन बदलून टाका भाऊ. बोटं चार महिने सुरकुतलेली, रोवणी करून आलेल्या बाईचा अंगठा मशीन घेतच नाही, पाच वेळा पुसून, पदरानं कोरडा करून, फुंकर मारून, आणि मशीन म्हणतं पुन्हा प्रयत्न करा. याच दिवसात माझा पुण्यातला आतेभाऊ व्हॉट्सअॅपवर विचारतो, "काय हिरवंगार असेल ना रे सध्या? लकी आहेस यार." हो, हिरवंगार आहे. माझ्या चपलासुद्धा हिरव्या झाल्यात. सात्या म्हणजे रानातली अळंबी निघालीत, वास्ते म्हणजे बांबूचे कोंब निघालेत, तरोट्याची भाजी खाऊन खाऊन कंटाळा आला, ये ना. थंडीत ये, तेव्हा तलावावर बाहेरचे पक्षीसुद्धा येतात. तेही पावसाळा संपल्यावरच येतात, त्यांना कळतं.

आणि चेष्टा बाजूला ठेवून बोलायचं तर, दर पावसाळ्यात पेपरात असतंच ना, कुठल्यातरी रपट्यावरून मोटारसायकल वाहून गेली, माणूस दुसऱ्या दिवशी खाली झुडपात सापडला. तोही घाईतच निघालेला असतो. त्याला कोणी भेला म्हणत नाही, त्याच्या फोटोखाली भावपूर्ण श्रद्धांजली लिहितात, आणि तो बॅनरही माझ्याकडंच डिझाइन करायला येतो. पूल म्हणाल तर दर निवडणुकीला मंजूर होतो. मधे एकदा दोन माणसं आली, ट्रायपॉड लावला, दगडांवर लाल रंगानं आकडे टाकून गेली. आकडे अजून आहेत, आबाजी त्यांचाही पाणी मोजायला उपयोग करतात, तेवढाच त्या सर्व्हेचा फायदा झाला.

त्या रात्रीच्या पावसाची अतिवृष्टीत नोंद नाही. अतिवृष्टी धरायला २४ तासांत ६५ मिलिमीटर लागतात, आणि ते मोजतात महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकात, जो जिथं आहे तिथं त्या रात्री बेताचाच पडला. आमच्या बांध्या फुटल्या, नुकताच रोवलेला धान वाहून गेला, पऱ्हे, म्हणजे रोपं, उरले नाहीत पुन्हा लावायला. पण यंत्र कोरडं असलं की शेतही कोरडं. लोक दुकानात येऊन मला विचारतात, जसं काही मीच मोजलाय. मी फॉर्म भरतो. "नुकसानीचं कारण" या रकान्यात काय लिहू असं विचारलं तर एका काकांनी सांगितलं, बेडूक लिहा.

आबाजी चार-सहा दिवसांनी दुकानात आले. निराधारच्या पगाराचं काहीतरी अडलं होतं, आधारची झेरॉक्स हवी होती. पाणी तोवर केव्हाच उतरलं होतं, एस्टीसुद्धा चालू झाली होती, ते एस्टीनंच आले होते. मी आधार हातात घेतलं नि आधी विचारलं, "आबाजी, माझी छत्री?"

"हाय ना जी. पोरीच्या घरी ठेवली. पल्याड."

"मग आणायची ना."

"पानी उतरलं का आनतो."

"पाणी उतरलंय!"

त्यांनी दुकानाबाहेर जाऊन आभाळाकडं बघितलं. सावकाश आत आले. "आता आश्लेषा लागली. मंग मघा हाय. अजून लय पानी हाय मास्तर, तवा छत्री लागन ना तिले."

मी काही न बोलता झेरॉक्स काढली. त्यांनी ती उजेडात धरून बघितली, आणि नाराज झाले. रंगीत पाहिजे म्हणाले, फोटोत चेहरा काळा येऊन राह्यला. म्हटलं आबाजी, रंगीतचे दहा रुपये पडतात.

"लावा ना जी," आबाजी म्हणाले, "छत्रीच्या हिशोबात."